अडतीस नंबरची मेणबत्ती

१

आमच्या गावात शर्यतीच्या रविवारी चूल पेटत नाही. तसा काही नियम नाही, पण गाड्या धावू लागल्या की धुराडं हादरतं आणि काजळी खाली रश्श्यात पडते. म्हणून आम्ही बायका शनिवारीच सगळं करून ठेवायचो. भरल्या मिरच्या, पाव आणि चीजचे तळलेले गोळे, विहिरीत गार करायला सोडलेलं टरबूज. रविवारी सकाळी चर्चमध्ये लवकरची मिस्सा, मग कोंबड्या आत, कुत्रा मागच्या अंगणात बांधलेला, आणि रस्त्याकडच्या दाराला आतून गादी टेकवलेली.

आमचं घर हौदाच्या वळणावर. समुद्रकाठच्या शहरातून निघालेला रस्ता ऑलिव्हच्या बागांतून चढत वर येतो, आमच्या दारासमोर एकदम वळतो आणि चर्चच्या कडेने पुन्हा खाली उतरतो. मधे अंगण नाही की कठडा नाही. उंबरठ्यावरून पाऊल टाकलं की रस्ताच. वर्षभर त्यावरून गाढवं आणि द्राक्षांचे गाडे जायचे, आणि वर्षातून एक दिवस जगातले सगळ्यात वेगवान पुरुष. वर्तमानपत्रं त्याला ग्रां प्री म्हणत. आम्ही नुसतं ‘गाड्या’ म्हणायचो.

रस्ता बंद झाला की गावाचे दोन तुकडे व्हायचे. ज्या बाजूला तुम्ही सापडलात, त्या बाजूला संध्याकाळपर्यंत राहायचं. मी या बाजूला घरात एकटी, आणि समोर, एरवी बोललेलं ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, हौदापाशी माझा नवरा पान्फिलो, हातात पिवळं निशाण घेऊन. तो पिंपं बनवायचा, अजूनही बनवतो. पण त्या एका दिवशी तो निशाणवाला असायचा.

त्या निशाणाचं सांगायला हवं. युद्धाच्या आधी ते त्याच्या वडिलांच्या हातात असे. वळणावर काही अडचण झाली की निशाण हलवून मागच्या गाड्यांना सावध करायचं, एवढंच काम. एका वर्षी एक गाडी वळणावर वळलीच नाही, आणि जाताना सासऱ्यांना बरोबर घेऊन गेली. मग युद्ध आलं, शर्यती थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पान्फिलोने ते काम स्वतःहून मागून घेतलं. मी लग्न होऊन आले होते, नवी होते, तरी जमेल तेवढं सांगून पाहिलं. तो हसला. “आमच्या घरातला कुणी तिथे नसला,” तो म्हणाला, “तर त्या वळणाला करमायचं नाही.”

मग मी नवस बोलले. नवस बोलणं हा माझा स्वभावच आहे, पान्फिलो त्यावरून चिडवतोही. देवमातेला सांगितलं, हा संध्याकाळी धड रस्ता ओलांडून घरी येऊ दे, मी डोंगरावरच्या तुझ्या देवळापर्यंत अनवाणी येईन, आणि प्रत्येक शनिवारी पाणी आणि पाव एवढ्यावर राहीन. पहिल्या वर्षी तो घरी आला. मी अनवाणी गेले. ही गोष्ट दुसऱ्या वर्षीची.

२

ज्यांच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात, त्या घरांतल्या बायकांची एक प्रथा होती. मिस्सा झाली की त्या चर्चमागच्या खोलीत जमायच्या. नाताळात आम्ही सगळे तंबोला खेळतो, त्याची आकडे कोरलेल्या लाकडी सोंगट्यांची पिशवी तिथेच असते. फादर चेत्तेओ त्यातून त्या वर्षी धावणाऱ्या गाड्यांचे तेवढे नंबर वेगळे काढायचे आणि एका टोपीत घालायचे. प्रत्येकीने डोळे मिटून एक उचलायची. जो नंबर आला तो त्या दिवसापुरता तुमचा माणूस.

घरी येऊन त्याच्या नावाने खिडकीत मेणबत्ती लावायची. शेजारी दोन वाडगे. एकात जितके फेरे तितके हरभरे. आपला माणूस दारासमोरून गेला की एक हरभरा या वाडग्यातून त्या वाडग्यात. सगळे हरभरे तिकडे गेले की तो पोचला. मग मेणबत्ती फुंकायची. त्याच्या आधी नाही. गाडी वाटेत बंद पडली तर हौदापाशी उभे असलेले लोक ओरडून सांगत, मग उरलेले हरभरे भिजत घालून बाई मोकळी. त्या चालकांना यातलं काही ठाऊक नसायचं. कुणी इंग्रज, कुणी अर्जेंटिनाचा. आपल्यासाठी एक अनोळखी बाई झडपेमागे गुडघ्यांवर बसलीय हे त्यांना कोण सांगणार?

त्या सकाळी मी टोपीत हात घातला. वरच्या सोंगट्या कोरड्या आणि हलक्या होत्या. माझी बोटं त्यांतून घसरून तळाशी गेली आणि तिथे एक थंड लागली. मी तीच उचलली, का ते सांगता येणार नाही. अडतीस. बाकीच्यांपेक्षा काळी पडलेली आणि ओलसर. नाकाशी नेली तर तळघरासारखा वास. मला वाटलं, पिशवीच्या कपाटावर छत गळत असेल. पदरासारखा ॲप्रनचा कोपरा घेऊन पुसली आणि खिशात टाकली.

मेणबत्ती लागेपर्यंत नंबर कुणाला सांगायचा नसतो. बाहेर पडताना आमची शेजारीण वेलियामावशी माझ्या खिशाकडे बघत म्हणाली, “बघ बाई, तुझ्या वाट्याला तरुण आला असेल तर अदलाबदल करू. मला दरवर्षी टकलेच येतात.” सगळ्या हसल्या. मीही हसले. खिशापाशी मांडीला गार लागत होतं.

३

आमचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे. खाली पिंपांचा कारखाना, मधे दगडी जिना, वर चूल, टेबल, आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. पोलिसांचा हुकूम असायचा की झडपा बंद ठेवा, कारण एकदा कुणाच्या घरात गाडीचं सुटलेलं चाक शिरलं होतं. तेव्हा झडपेच्या फटींतून जेवढं दिसेल तेवढंच. ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत येतं आणि गाड्याही पट्ट्यापट्ट्यांनीच दिसतात.

मी मेणबत्ती लावली. भर दुपारी ज्योत दिसतही नाही, तिच्यावरची हवा तेवढी थरथरते. वाडगे मांडले, सोंगटी वाडग्याशेजारी ठेवली, जपमाळ घेतली.

आधी खालून, ऑलिव्हच्या बागांतून, फाटत जाणाऱ्या कापडासारखा आवाज येतो. मग तो पाणचक्कीपाशी वळतो आणि भिंतींमध्ये सापडतो. फळीला टांगलेले कप किणकिणू लागतात आणि धुराड्यातून काजळी भुरभुरते. तेवढ्यात लाल पट्टा, निळा पट्टा, एक आकडा. आणि संपलं. पुढचा येईपर्यंत आपण आणि माश्या.

पहिल्या फेऱ्यात अडतीस दिसला नाही. मला वाटलं, फटीतून हुकला. दुसऱ्या वेळी मी गालाला झडप टोचेपर्यंत जवळ गेले. बावीस गेला, चार गेला, दहा गेला. सगळे गेले आणि रस्ता रिकामा झाला. समोर पान्फिलो निशाण काखेत धरून पीच खात होता. बिचारा निघालाच नसेल, मी मनाशी म्हटलं. गाडी सुरूच झाली नसेल. असं होतं. खरं म्हणजे मला थोडं बरंच वाटलं. आता मी सगळा जप पान्फिलोसाठी करू शकत होते.

मेणबत्ती फुंकायला वाकले, आणि थांबले. कुणी ओरडून सांगितलं नव्हतं. नियम तो नियम.

४

मग तो आवाज आला.

सगळ्या गाड्या जाऊन बराच वेळ झाला होता. या आवाजात ते फाटणारं कापड नव्हतं. एक लांब, बारीक शीळ, आणि तिच्याखाली काहीतरी जड घरघरत येणारं. पाणचक्कीपाशी वळली, भिंतींत शिरली, खिडकीखालून गेली. मला काही दिसलं नाही. फटींतून एकही पट्टा गेला नाही.

मी आधी विचार केला की हा प्रतिध्वनी असणार. समोरचा डोंगर आवाज परत फेकतो, द्राक्षं काढताना आम्ही मुद्दाम हाका मारून बघतो. हे अगदी पटण्यासारखं होतं. पण जपमाळ निम्म्यावर आली, गाड्यांचा पुढचा घोळका गेला, शांतता झाली, आणि पुन्हा ती शीळ. या वेळी मी कपांकडे पाहिलं. कप हलत नव्हते. मागच्या अंगणात प्रत्येक गाडीला भुंकणारा कुत्रा भुंकला नाही. आणि ज्योत, जी प्रत्येक गाडीच्या झोताने आत, माझ्याकडे झुकायची, ती बाहेर झुकली. रस्त्याकडे. कुणीतरी ओठ लावून हवा आत ओढावी तशी.

खोलीत एरंडेल तेलाचा वास आला. लहानपणी आई नाक दाबून पाजायची, तो वास मी कधी विसरणार नाही. हल्लीच्या गाड्यांना तो येत नाही, फक्त जुन्या गाड्यांच्या तेलाला यायचा, असं पान्फिलो एकदा म्हणाला होता.

माझा हात वाडग्यात गेला आणि त्याने झालेल्या फेऱ्यांचे तीन हरभरे पलीकडे टाकले. मी ठरवून केलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी गाडी बघायचा नाद सोडला आणि पान्फिलोकडे पाहिलं. त्याला तर दिसायलाच हवी. तो पेंढ्याच्या भाऱ्यावर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. शीळ जवळ आली. तो मानेचा घाम पुसत होता. शीळ त्याच्या पुढ्यातून गेली. त्याने मान वळवली नाही. पण त्याच्या गुडघ्याशेजारी भाऱ्यातून पेंढ्याच्या काड्या उठल्या, हवेत तरंगल्या, आणि हळूहळू खाली बसल्या.

त्याच्या पुढच्या फेऱ्यात काड्यांबरोबर भाराही हलला. म्हणजे ते जे काही होतं, ते प्रत्येक फेऱ्याला रस्त्याच्या त्या कडेला सरकत होतं.

“पान्फिलो,” मी हाक मारली. तेवढ्यात खरोखरच्या गाड्या आल्या, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

५

आमची आणि वेलियामावशीची चूल एकाच भिंतीला पाठ लावून आहे. धुराड्यात डोकं घातलं की बोलता येतं. मीठ, विस्तव, कुणाचं लग्न, सगळं त्या वाटेने जातं. मी डोक्यावर रुमाल बांधला आणि चुलीत वाकले.

“मावशी, तुम्हाला मागून येणारी गाडी ऐकू येते का? शीळ घालणारी?”

“मला तर पुढून येणाऱ्याही ऐकू येत नाहीत,” पलीकडून आवाज आला. “बंद पडला माझा टकल्या. मी हरभरे भिजत घातले. तुझा कितवा?”

“अडतीस.”

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “असली चेष्टा करू नये, पोरी. आजच्या दिवशी तर नाहीच.”

मी म्हटलं, चेष्टा नाही, सोंगटी समोर आहे. ती म्हणाली, असूच शकत नाही. मग तिने जे सांगितलं ते तुटक सांगितलं. सासऱ्यांना घेऊन गेलेली गाडी अडतीस नंबरची होती. त्या वर्षी अडतीसची सोंगटी माझ्या सासूबाईंना आली होती. त्याच खिडकीत, त्याच जागी त्या बसल्या होत्या. हरभरे सरकवताना त्यांच्याकडून एक जास्तीचा सरकला. उकाडा होता, डोळा लागला असेल, देव जाणे. वाडगा रिकामा दिसला, त्यांना वाटलं माणूस पोचला, आणि त्यांनी मेणबत्ती फुंकली. त्याचा एक फेरा उरला होता.

“ती सोंगटी तिने स्वतःच्या हाताने तुझ्या सासऱ्याच्या, सबातीनोच्या कोटाच्या खिशात घातली,” मावशी म्हणाली. “शवपेटी बंद करायच्या आधी. मी शेजारी उभी होते. नाताळात तंबोला खेळताना पिशवीतून काळं बटण निघतं ना गं? ते अडतीसच्या जागचं.”

बटण मला आठवत होतं. दोन नाताळ मी ते पाहिलं होतं, आणि कशाच्या जागचं ते कधी विचारलं नव्हतं. मी मागे वळून वाडग्याकडे पाहिलं. सोंगटीखाली लाकडी टेबलावर ओला डाग पसरला होता.

“फुंक ती मेणबत्ती,” मावशी म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. तुझी नाहीच ती.”

मी चुलीतून डोकं काढलं. खरं सांगते, मी फुंकायलाच गेले होते. गाल फुगवले होते. मग मनात आलं, त्या दिवशीही असंच कुणीतरी फुंकलं होतं. आणि समोर निशाण घेऊन तेव्हाही याच घरातला माणूस उभा होता.

६

शेवटचा फेरा आला तेव्हा मेणबत्ती बोटाच्या पेराएवढी उरली होती.

एकेक गाडी गेली. हौदापाशी लोक टाळ्या वाजवत होते. मग हिरवं निशाण लावलेली, रस्ता मोकळा झाल्याचं सांगणारी मोटार सावकाश गेली. म्हणजे संपलं. गावभर झडपा उघडल्याचे आवाज झाले, बायका एकमेकींना हाका मारू लागल्या. सगळ्यांनी मेणबत्त्या फुंकल्या. माझ्या वाडग्यात एक हरभरा होता.

पान्फिलोने निशाण गुंडाळलं नाही, नुसतं खांद्यावर टाकलं, दोस्ताला काहीतरी बोलला, आणि रस्त्यात उतरला. घरी यायला.

खाली बागांमध्ये शीळ सुरू झाली होती.

मी झडपा ढकलल्या. एकदम इतकं ऊन आत आलं की ज्योत दिसेनाशी झाली. मी “थांब” म्हणून ओरडले. त्याने वर बघितलं, मला बघून त्याला आनंद झाला, आणि काय म्हणतेस असं हाताने विचारत तो रस्त्याच्या बरोबर मध्ये उभा राहिला. शीळ पाणचक्कीपाशी वळली. ज्योत बाहेर ओढली गेली आणि वातीवर नुसता निळा ठिपका राहिला. मी दोन्ही हातांनी तो झाकला. तळवे भाजले तरी हलवले नाहीत. डोळे मिटावेसे वाटत होते, पण मग त्याला कोण बघणार होतं?

शीळ वळणावर आली. पान्फिलो हसत होता. त्याच्या खांद्यावरचं निशाण एकाएकी ताठ उभं राहिलं, आडवं, खाली चर्चच्या दिशेने ताणलेलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला. हवा तर मुळीच नव्हती. त्याच्या पलीकडे, उन्हात जसं गरम दगडावरची हवा हलते तसं काहीतरी वळलं. अगदी व्यवस्थित वळलं. आणि मला वाटलं, एक हातमोजा घातलेला हात वर झाला. कुणी रस्ता दिला की गाडीवाले करतात तसा. पण त्याच्या कडेला आणखी एक हात होता, बिनमोज्याचा.

मग निशाण खाली पडलं. पान्फिलो वर आला, टेबलाशी बसला, मिरच्या मागितल्या. निशाणाचा एक कोपरा कापल्यासारखा गेलेला होता. खिळ्याला अडकलं असेल, तो म्हणाला.

मी शेवटचा हरभरा सरकवला. वाडगा रिकामा झाला. आता फुंकायला हरकत नव्हती. मी वाकले, आणि कान दिला. आवाज चर्चच्या उतारावरून खाली गेला, बागांमध्ये बारीक झाला. थांबला नाही. आणि जपमाळ निम्मी होईल एवढ्या वेळाने, खालून, पाणचक्कीच्या पलीकडून, पुन्हा वर चढू लागला.

मी फडताळातून नवी मेणबत्ती काढली आणि जुनीच्या ज्योतीवर धरली.

७

पुढे काही वर्षांनी आमच्या रस्त्यावरची शर्यत बंदच झाली. फार माणसांचे जीव जातात, असं सरकारला वाटलं. आता तिथून बस जाते, टोमॅटोचे टेम्पो जातात. माझी ज्योत मात्र मी विझू दिली नाही. मेणबत्तीवरून मेणबत्ती, कधी तेलाची वात, आजारपणात वेलियामावशी येऊन बसायची. ती होती तोवर यात खंड पडला नाही. तिने फुंक म्हटलं होतं, आणि मी फुंकली नव्हती. ती आली की आधी तेल घालायची, मग बसायची.

सोंगटी परत करायला मी फादर चेत्तेओंकडे गेले होते. त्यांनी ती हातात घेतली, तळव्यावर ओल लागली तशी लगेच परत दिली. “मी फक्त त्या वर्षीचेच नंबर टोपीत घातले होते,” एवढंच ते म्हणाले, दोनदा. तेव्हापासून ती खिडकीतल्या वाडग्यात असते. कितीही उन्हात ठेवली तरी वाळली नाही.

आवाज रोज येत नाही. दुपारी जेवणं होऊन गाव झडपा लावून निजतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा येतो. आम्हाला मूल नाही. त्या वेळेला मी खिडकीशी एकटी असते, आणि पान्फिलो नेमका तेव्हाच हौदापाशी पत्ते खेळून घरी यायला निघतो. मी त्याच्याकडून एक वचन घेतलंय. रस्त्यात पाऊल टाकायच्या आधी खिडकीकडे बघायचं, आणि मी मान हलवली तरच यायचं. तो दोस्तांना सांगतो, “थांबा, माझी सिग्नलवाली काय म्हणते बघू.” ते हसतात. पण इतक्या वर्षांत एकदाही तो न बघता उतरलेला नाही. का, हे त्याने विचारलं नाही. कधी कधी वाटतं, त्याला विचारायची गरज नसेल.

रात्री प्रार्थनेत मी आता दोन नावं जास्त घेते. एक सासऱ्यांचं. दुसरं त्या अडतीसच्या गाडीवाल्याचं, ते मला ठाऊक नाही, म्हणून ‘तो’ एवढंच म्हणते. देवमाते, त्याला घर सापडू दे. कुठल्याही आईला ओळखायला एवढं पुरतं.

८

काल जे झालं ते लिहून ठेवते. आज सकाळी पान्फिलो खाली पिंपाला कडं ठोकतोय, त्याचा आवाज ऐकत लिहितेय.

गेल्या काही महिन्यांपासून आवाज संथ झाला होता. दिवसभर रानात राबलेला माणूस घर दिसल्यावर पाय ओढत चालतो, तसा. काल दुपारी तो पाणचक्कीपाशी वळला आणि मला वाटलं, आता बंद पडेल. शीळ उतरत गेली. घरघर भिंतींमध्ये शिरली.

फळीवरचे कप किणकिणले.

इतक्या वर्षांत त्याच्यासाठी ते कधी वाजले नव्हते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एकेक कप हलत होता, मग एकच हलत राहिला, मग तोही थांबला. आवाज आमच्या दाराशी येऊन थांबला होता. तापलेलं लोखंड निवताना टिकटिकतं, तशी टिकटिक खालून येत होती. एरंडेलाचा वास. वाडग्यातल्या सोंगटीला मी बोट लावलं. ती कोरडी होती, इतर सोंगट्यांसारखी हलकी.

पोचला, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं बहुतेक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खाली कडी वाजली. जिन्यावर पावलं वाजू लागली, सावकाश, जड बुटांची. पान्फिलो आला, मला वाटलं, आता हे त्याला सांगायचं आणि दोघांनी मिळून मेणबत्ती फुंकायची. मी वाकले. वाकताना नजर खिडकीबाहेर गेली.

पान्फिलो समोर हौदापाशीच उभा होता. तो खिडकीकडे बघत नव्हता. तो आमच्या दाराकडे बघत होता, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती.

जिन्यावरची पावलं दोघांची होती.

मी फुंकली नाही. सासूबाईंनाही खात्रीच वाटली होती. दोन्ही हात ज्योतीभोवती धरून मी तशीच उभी राहिले. पावलं वर आली, स्वयंपाकघरात आली, माझ्या मागे थांबली. दारात आलेल्याला जे म्हणायचं तेच तोंडातून निघालं.

“या. बसा,” मी म्हटलं. “दमला असाल.”

मागे टेबलापाशी एक खुर्ची सरकली. मग दुसरी.

रस्त्यापलीकडे पान्फिलोने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. आणि वचन दिल्यापासून पहिल्यांदा, वर न बघता, तो रस्त्यात उतरला.

घरी आलेल्या माणसांकडे पाठ करून उभं राहणं बरं दिसत नाही. पण मी वळले नाही. पान्फिलो अजून रस्त्याच्या मध्यावर होता.